घड्याळजींचा डोळा आणि उकळतं पातेलं

घड्याळजींच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला सोबत कोण जाणार, हा मुळात प्रश्नच नव्हता. निदान ग्रंथपालांच्या मते तरी नव्हता. त्यांनी मनातल्या मनात पिशवीसुद्धा भरून ठेवली होती. पाण्याची बाटली, दोन नॅपकिन, बाहेर बसून वाचायला एक जाडजूड पुस्तक आणि घड्याळजींना वाचून दाखवायला एक हलकंफुलकं. आता घड्याळजींनी फक्त "तू येशील ना रे?" एवढं विचारायचं बाकी होतं. त्यावर "अरे, हे काय विचारणं झालं?" असं उत्तर द्यायचं, हेही ग्रंथपालांनी ठरवून टाकलं होतं. आंघोळ करताना ते वाक्य त्यांनी दोनतीनदा म्हणून पाहिलं होतं. जोर 'काय'वर द्यावा की 'झालं'वर, एवढंच पक्कं होत नव्हतं.

पण घड्याळजींनी विचारलंच नाही. एका संध्याकाळी दुकानात काउंटरमागे बसून, डोळ्याला लावायचं दुरुस्तीचं भिंग काढून पुसत ते सगळ्यांना मिळून म्हणाले, "डॉक्टर म्हणतात, सोबत एक माणूस हवा. दिवसभर थांबायचं, घरी आणायचं, पुढे थेंब घालायचे. कुणाला न्यायचं ते एकदा ठरवायला हवं."

'ठरवायला हवं' हे शब्द ग्रंथपालांच्या छातीत जाऊन बसले. ठरवायचं कशाला? ठरवायची वेळ येते ती जिथे एकाहून जास्त माणसं असतात तिथे. आणि त्यांनी वर पाहिलं तर दुसरा माणूस काउंटरजवळच्या स्टुलावर आरामात पाय हलवत बसलेला होता.

हा कॅप्टन. सगळा जन्म मालवाहू जहाजांवर काढून काही महिन्यांपूर्वी गल्लीच्या टोकाशी राहायला आलेला. पहिल्या आठवड्यात तो घड्याळाचा पट्टा बदलायला दुकानात आला, दुसऱ्या आठवड्यात बिनकामाचा आला आणि तिसऱ्यात स्टुलावर बसला. त्या स्टुलावर आधी ग्रंथपाल बसत. त्यांनी काही तसं म्हटलं नाही. स्टूल दुकानाचं होतं, आणि आपलं नाव त्यावर लिहून ठेवावं असा त्यांचा स्वभाव नव्हता. ते कपाटाला टेकून उभे राहू लागले आणि कुणी विचारलं तर उभं राहणं पाठीला चांगलं असतं म्हणून सांगू लागले.

स्टुलाचंही एक वेळ सोडा. पण घड्याळजी आणि ग्रंथपाल 'अहो'वरून 'अरे'वर यायला जवळजवळ सहा वर्षं लागली होती. मध्ये कितीतरी दिवस असे गेले की दोघंही क्रियापद गिळून बोलत. कॅप्टनने हे अंतर एका चहात कापलं. (या गोष्टीत कॅप्टनचा उल्लेख एकेरी आहे तो ग्रंथपालांच्या मनातल्या भाषेला धरून. तोंडावर ते त्याला अहोजाहोच करत. रागात असताना तर जास्तच.)

"ठरवू की," कॅप्टन म्हणाला. "पण त्याआधी चौघं मिळून जेवायला जाऊ. चौकात ते हॉटपॉटचं नवीन हॉटेल निघालंय ना, तिथे. दिसायला लागायच्या आत खाऊन घे लेका. नंतर ताटात काय आहे ते दिसलं की जेवण जायचं नाही."

घड्याळजी मनापासून हसले. "चालेल. मग जेवतानाच ठरवू."

चौघांतले चौथे म्हणजे दंतवैद्य. त्यांचा दवाखाना घड्याळजींच्या दुकानाला लागून होता. दिवसभर दुसऱ्यांना आ करायला लावून स्वतः तोंड उघडायचा त्यांना कंटाळा आला असावा. ते नुसती मान हलवून "बरं" म्हणाले आणि पेशंट आला म्हणून निघून गेले.

ग्रंथपाल घरी आले ते एका परीक्षेची तारीख खिशात घेऊनच. आणि परीक्षा म्हटली की त्यांना एकच गोष्ट करता येत असे.

ज्या वाचनालयात त्यांनी नोकरी केली तिथे अजून त्यांना मान होता, म्हणजे पुस्तक उशिरा परत केलं तर कुणी बोलत नसे. तिथून त्यांनी दोन पाककृतींची पुस्तकं आणि एक प्रवासवर्णन आणलं. टेबलाच्या मधोमध रस्सा उकळत ठेवतात, कच्च्या वस्तू ताटल्यांतून आणून देतात, आणि ज्याने त्याने आपापल्या काड्यांनी त्या रश्शात बुडवून, शिजवून, सॉसला लावून खायच्या, एवढी मूळ गोष्ट पहिल्याच पानावर कळली. ती त्यांनी उत्साहाने बायकोला सांगितली.

बायको स्वेटर विणत होती. "म्हणजे कच्चं ते आणून देणार आणि शिजवायचं आपण?"

"हो."

"आणि पैसे?"

"ते आपणच द्यायचे. पद्धत आहे तशी."

"इतकी वर्षं मी शिजवून घालतेय, तर कधी मीठच कमी, कधी पोळीच जाड. आणि आता म्हातारपणी कच्चं खायला बाहेर निघालात."

"प्रश्न खाण्याचा नाहीये," ग्रंथपाल म्हणाले.

"मग कशाचा आहे?"

हे सांगणं अवघड होतं. आपल्या वयाच्या माणसाने मत्सर करावा हेच त्यांना लाजिरवाणं वाटत होतं, आणि तोही एका घड्याळदुरुस्तीवाल्यासाठी. ते पुस्तकात तोंड खुपसून बसले. बायकोने त्यांच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. तिला बहुधा सगळं कळलं असावं, कारण पुढे तिने काही विचारलं नाही, आणि न विचारणं ही तिची नेहमीची पद्धत नव्हती.

पुस्तकातून सगळं शिकता येतं, फक्त काड्या धरता येत नाहीत. घरात काड्या नव्हत्या, म्हणून ग्रंथपालांनी विणकामाच्या दोन सुया घेतल्या. उचलायला काय घ्यावं म्हणून शिवणाच्या डब्यातली शर्टाची बटणं घेतली. पहिल्या दिवशी बटणं घरभर उडाली. एक फ्रिजखाली गेलं, एक बायकोच्या चहात सापडलं. चौथ्या दिवशी मात्र ग्रंथपाल डब्यातलं बटण उचलून बशीत ठेवू शकत होते. आठवड्याअखेर ते चार भोकांचं आणि दोन भोकांचं वेगळं करू लागले. स्वेटर एका बाहीवर अडला होता.

इथे थांबले असते तर बरं झालं असतं. पण अर्ध्या तयारीने परीक्षेला बसणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी रंगीत तालीम घ्यायचं ठरवलं.

जेवणाच्या टेबलावर विजेची शेगडी मांडली, वायर पुरेना म्हणून जोडवायर लावली, पातेल्यात पाणी, आलं, लसूण आणि कोबी घातला. पाणी खळखळू लागलं. सुया हातात घेऊन ग्रंथपाल कोबीच्या पहिल्या पानाला भिडणार, तोच घरातले दिवे गेले. शेजारच्या घरातलेही गेले. जिन्यातलेही गेले. आणि थोड्याच वेळात भिंतीच्या आतून कुणीतरी धडधड ठोकत असल्याचा आवाज येऊ लागला. तो इमारतीच्या सेक्रेटरींचा होता. ते लिफ्टमध्ये होते आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे होती.

सेक्रेटरी बाहेर निघाले तेव्हा त्यांच्या अंगावरचा सदरा भिजला होता, पण पदाचा रुबाब कोरडा होता. त्यांनी नाकाने तपास केला. जिनाभर कोबीचा वास होता आणि तो ग्रंथपालांच्या दाराशी येऊन दाट होत होता.

"टेबलावर शेगडी?" ते आत डोकावत म्हणाले.

"तात्पुरती," ग्रंथपाल म्हणाले.

"नियमात टेबलावर शेगडी ठेवायला मनाई नाही. पण परवानगीही नाही. म्हणजे हे समितीपुढे जाणार."

समिती म्हणजे सेक्रेटरी स्वतः, खजिनदार आणि समोरच्या दारातल्या निवृत्त नर्सबाई. ती दुसऱ्या दिवशी तळमजल्यावर, सायकलींच्या शेजारी भरली. ग्रंथपालांना उभं करण्यात आलं. आयुष्यभर दुसऱ्यांना 'हळू बोला' म्हणून सांगितलेल्या माणसाला आता मोठ्याने बोला म्हणून सांगण्यात आलं.

"कारण काय होतं शेगडी लावायचं?" खजिनदारांनी विचारलं.

"एका मित्राच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे," ग्रंथपाल म्हणाले.

समितीने एकमेकांकडे पाहिलं.

"कोबीने?" खजिनदार म्हणाले.

नर्सबाईंना एकदम आपला विषय सापडला. ऑपरेशननंतर डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही, खाली वाकायचं नाही, शिंकायचं नाही, हे त्यांनी सगळ्यांना समजावून सांगितलं. हॉटपॉटचं कळल्यावर तर त्यांनी कपाळालाच हात लावला. "चौघांच्या उष्ट्या काड्या एका पातेल्यात. एकाला सर्दी असली की चौघं आडवे. मी काय काय पाहिलंय म्हणून सांगू." त्यांनी सांगितलंही. खजिनदारांना बसावं लागलं. शेवटी ग्रंथपालांना समज देऊन सोडण्यात आलं, आणि पुढचे काही दिवस जिन्यात भेटणारा प्रत्येक माणूस त्यांना "आज काय शिजतंय?" असं विचारू लागला. ग्रंथपालांनी जिना चढता-उतरताना पुस्तक उघडं धरायला सुरुवात केली.

एवढं सगळं सोसून ते ठरलेल्या संध्याकाळी हॉटेलच्या दाराशी सगळ्यांच्या आधी पोचले. नंतर कॅप्टन आला, घड्याळजींना हाताला धरून. हात धरायचं काही कारण नव्हतं, रस्ता सपाट होता. दंतवैद्यांचा पत्ता नव्हता.

दाराशी उभ्या असलेल्या मुलीने सांगितलं की चौघं आल्याशिवाय चौघांचं टेबल मिळत नाही.

"तिघं आलोय. चौथा वाटेवर आहे," कॅप्टन म्हणाला.

"मग तिघांचं टेबल घ्या."

"चालेल."

"तिघांचं टेबल नसतं. दोघांचं असतं, नाहीतर चौघांचं."

कॅप्टनने आवाज चढवला, बंदरावरचे किस्से काढले, मॅनेजरला बोलवा म्हणाला. मुलगी हसऱ्या चेहऱ्याने नाही म्हणत राहिली. दोघांचं टेबल मिळतंय हे ऐकल्यावर ग्रंथपालांच्या मनात एक विचार येऊन गेला, तो इतका क्षुद्र होता की त्यांनी तो लगेच झटकला, पण पूर्ण झटकला गेला नाही. तेवढ्यात दंतवैद्य आले. "एक दाढ निघत नव्हती," एवढंच ते म्हणाले.

टेबल गोल होतं आणि मध्ये पातेलं बसवलेलं होतं. पातेल्यात आडवा पत्रा घालून दोन भाग केलेले, एका भागात पांढरट रस्सा, दुसऱ्यात लालभडक. ग्रंथपालांनी आधीपासून हेरून ठेवल्याप्रमाणे घड्याळजींच्या उजव्या हाताची खुर्ची पकडली. उजवा हात तो उजवा हात. कॅप्टनला डावीकडे बसावं लागलं. दंतवैद्य समोर बसले, आणि ताटल्या आल्याबरोबर कुणाशीही न बोलता खायला लागले.

सॉस ज्याने त्याने स्वतः करायचा होता. एका लांब टेबलावर ओळीने वाडगी मांडली होती आणि त्यांवर नावं नव्हती. इथे ग्रंथपालांचा अभ्यास कामाला आला. वास घेत घेत त्यांनी तिळाची पेस्ट ओळखली, व्हिनेगर ओळखलं, बारीक लसूण, जरा साखर, दोन थेंब तिखट तेल, वरून हिरवा पातीचा कांदा. त्यांनी दोन वाट्या केल्या, एक स्वतःला आणि एक घड्याळजींना. परत आले तर घड्याळजींच्या पुढ्यात डाव्या बाजूला एक वाटी आधीच होती.

"अरे, कॅप्टनने आणली," घड्याळजी म्हणाले. "तू पण आणलीस? ठेव ठेव."

ग्रंथपालांनी आपली वाटी उजव्या बाजूला ठेवली. घड्याळजींच्या दोन बाजूंना दोन वाट्या, जणू निवडणुकीत दोन पेट्या मांडल्या आहेत.

आता काड्या. ग्रंथपालांनी त्या अशा सफाईने उचलल्या की समोरच्या दंतवैद्यांनीही घटकाभर चावणं थांबवलं. पण पुस्तकात आणि बटणात एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती. बटण कोरडं असतं. रश्शातलं मशरूम ओलं असतं, गोल असतं आणि त्याला बाहेर यायची इच्छा नसते. पहिलं मशरूम काड्यांतून सुटून पत्र्यापलीकडे लाल रश्शात गेलं. दुसरं कॅप्टनच्या पेल्यात पडलं. तिसरं त्यांनी घड्याळजींच्या वाटीपर्यंत आणलं आणि वाटीच्या काठावरून ते घड्याळजींच्या मांडीवर उतरलं. कॅप्टनने मात्र हातात जाळीचा चमचा घेतला होता. तो एका खेपेला चार वस्तू उपसत होता आणि काड्यांना हातही लावत नव्हता. याला काय म्हणावं? ही तर सरळसरळ कॉपी होती.

"घे, हे झालंय," कॅप्टन म्हणे, आणि घड्याळजींच्या पुढ्यात ओते.

"हे जरा जास्त शिजलंय. हे घे," ग्रंथपाल म्हणत, आणि एक शेवयाचा तंतू लोंबकळत आणत.

घड्याळजी दोघांचं खात होते. पण थोड्या वेळाने ग्रंथपालांच्या एक गोष्ट ध्यानात आली. घड्याळजी प्रत्येक घास डावीकडच्या वाटीत बुडवत होते. बोलत होते तेही डावीकडे वळून. उजवीकडची वाटी जशीच्या तशी होती, वरचा पातीचा कांदासुद्धा हलला नव्हता. आणि मग त्यांना आठवलं. ऑपरेशन उजव्या डोळ्याचं होतं. उजव्या डोळ्यापुढे घड्याळजींना नुसता धुक्याचा पडदा दिसत असे. आपण धडपड करून पकडलेली जागा म्हणजे नेमकी ती, जिथलं त्यांना काहीही दिसत नव्हतं. आपल्या माणसाचा कोणता डोळा अधू, हेही ज्याच्या लक्षात राहत नाही, असा जिवलग मित्र ऑपरेशनला नेऊन करायचं काय?

मत्सराने माणसाची बुद्धी जाते म्हणतात, पण ग्रंथपालांची त्या वेळी उलट फार तल्लख झाली. कॅप्टन जाळीचा चमचा घेऊन पातेल्यात वाकला होता. घड्याळजी वाफेने धुरकटलेला चष्मा पुसत होते. ग्रंथपालांनी दोन्ही वाट्या अलगद उचलल्या आणि अदलाबदल करून ठेवून दिल्या. एवढ्या वर्षांत त्यांनी एक पुस्तकसुद्धा चुकीच्या जागी ठेवलं नव्हतं.

घड्याळजींनी चष्मा लावला, कोबीचं पान उचललं, डावीकडच्या वाटीत बुडवून तोंडात घातलं. क्षणभर डोळे मिटले. मग डावीकडे वळून म्हणाले, "कॅप्टन, आता मात्र मुरला रे तुझा सॉस. मघाशी नुसता खारट लागत होता. फर्मास झालाय."

कॅप्टनने चमचा खाली ठेवला. तो वाटीकडे बघत राहिला. आता ग्रंथपाल सांगणार काय? की तो सॉस माझा आहे, मी चोरून ठेवला? आपल्या हाताने केलेलं, आपल्या हाताने नेऊन ठेवलेलं, आणि शाबासकी मात्र शेजारच्या पानावर. तळपायाची आग मस्तकात गेली, आणि ती विझवायला म्हणून त्यांनी समोर दिसेल ते काड्यांत पकडून तोंडात टाकलं. काड्यांनी त्या संध्याकाळी पहिल्यांदाच पकड दिली. ती होती लाल रश्शातली अख्खी सुकी मिरची.

पुढचं त्यांना तुटक तुटकच आठवतं. कान गरम झाले, जीभ कुणीतरी काढून नेल्यासारखी झाली, डोळ्यांतून धारा लागल्या, आणि त्या त्यांनी पुसल्या त्याच बोटांनी, ज्यांनी तिखट तेल ओतलं होतं. मग ते "आलोच" एवढं म्हणून, वाटेत दोन खुर्च्यांना धक्का देत, हात धुवायच्या जागी पोचले आणि नळाखाली डोकं धरून उभे राहिले.

पाठीमागे कुणीतरी आलं. कागदी रुमालांची चळत त्यांच्या हातात कोंबली गेली.

"घड्याळजीने पाठवलं," कॅप्टनचा आवाज आला. "म्हणाला, बघून ये. जीव गेला तरी त्याच्या तोंडून हाक निघायची नाही."

ग्रंथपालांनी डोळे पुसले. लाज, मिरची आणि अपमान यांतलं कोणतं पाणी कोणतं, हे सांगणं कठीण होतं. "मी ठीक आहे. तुम्ही जा. घड्याळजी एकटे असतील."

कॅप्टन गेला नाही. तो आरशात बघत, मिशा सारख्या करत म्हणाला, "एक बोलू का? त्याला आवडला तो सॉस माझा नव्हता. माझ्या हातून साखरेच्या जागी मीठ पडलंय. माझ्यापुढची वाटी मी केव्हाच बाजूला सारली. तो फर्मास म्हणाला आणि मी गप्प बसलो. बरं वाटलं हो, म्हणून."

ग्रंथपालांनी नळ बंद केला.

"इथे राहायला आलो तेव्हा ओळखीचा एक माणूस नव्हता," कॅप्टन म्हणाला. "जहाजावर पोरंटोरं सलाम ठोकायची, पण बसून बोलायला कोण असतं? घड्याळजीशी बोलायला जावं तर तो प्रत्येक गोष्टीत तुमचं नाव काढतो. हे ग्रंथपालला विचारू, ते ग्रंथपालला माहीत असेल. एकदा मी वादळाची गोष्ट रंगात येऊन सांगत होतो, तर मधेच म्हणाला, हे ग्रंथपाल असता तर त्याने पुस्तकच काढून दिलं असतं. म्हणून तुमच्या आधी जाऊन स्टूल पकडायचो. निदान तुम्ही यायच्या आधी अर्धा तास तरी मिळावा."

ग्रंथपालांनी रुमालाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मग त्यांना स्वतःलाच नवल वाटेल अशा आवाजात ते म्हणाले, "वाट्या मी बदलल्या."

"कसल्या?"

"तुमची आणि माझी. त्यांचा उजवा डोळा... म्हणजे माझ्या बाजूचं त्यांना दिसत नव्हतं. म्हणून बदलल्या."

कॅप्टनना आधी कळलं नाही, मग कळलं, आणि मग ते असे हसले की बाहेरचा वाढपी आत डोकावून गेला. ग्रंथपालांनाही हसू फुटलं. हसताना मिरची पुन्हा घशात चढली आणि ठसका लागला, तेव्हा कॅप्टननी त्यांच्या पाठीवर थापा मारल्या. जहाजावरचा हात होता, चांगलाच लागला.

"तुम्हीच जा ऑपरेशनला," कॅप्टन म्हणाले. "हक्क तुमचा आहे."

"छे छे, तुमच्याकडे गाडी आहे. मला रक्त पाहिलं की गरगरतं."

"मग दोघं जाऊ. एक आत, एक बाहेर."

इतकं उदार ग्रंथपालांना आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. दोघंही एकमेकांना दार उघडून देत, "आधी तुम्ही", "नाही, आधी तुम्ही" करत बाहेर आले.

टेबलापाशी बराच फरक पडला होता. दंतवैद्य उठून ग्रंथपालांच्या खुर्चीत, घड्याळजींच्या शेजारी येऊन बसले होते. घड्याळजींच्या पुढ्यात तिसरीच वाटी होती. दंतवैद्य पातेल्यातून मऊ झालेले तुकडे निवडून, काड्यांनी दोन भाग करून, "हे डावीकडे ठेवलंय, हे गरम आहे, जरा थांबा" असं हळू आवाजात सांगत त्यात ठेवत होते. घड्याळजी निवांत खात होते. कपड्यांवर एक डाग नवीन पडला नव्हता.

"या," घड्याळजी म्हणाले. "ठरलं बरं का. डॉक्टर येतायत माझ्याबरोबर."

कोण डॉक्टर, असं विचारायचा मोह ग्रंथपालांना झाला. डोळ्यांचे डॉक्टर तर तिथे असणारच होते.

"दवाखाना बंद ठेवणार आहेत दिवसभर," घड्याळजींनी दंतवैद्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"अरे, पण आम्ही दोघं..." कॅप्टन म्हणाले. "आम्ही आत्ताच ठरवत होतो."

"आत्ता." घड्याळजींनी काड्या खाली ठेवल्या. "तारीख मिळाल्यापासून वाट बघतोय मी. रोज वाटायचं, आज हा विचारेल, उद्या तो विचारेल. म्हणून शेवटी सगळ्यांसमोर बोललो, तेव्हा तरी कुणी म्हणेल मी येतो. तू म्हणालास जेवायला जाऊ. आणि तू," ते उजवीकडे वळले, जिथे आता दंतवैद्य होते, मग चूक कळून मागे उभ्या ग्रंथपालांकडे वळले, "तू तर कपाटाला टेकून उभा राहिलास. अरे, कापायचंय तो माझा डोळा आहे. मीच सगळ्यांच्या पाया पडत फिरू का? तुम्ही गेलात आणि यांनी विचारलं, तुम्हाला भीती वाटते का. वाटते म्हटलं. तर म्हणाले, मी येतो."

दंतवैद्यांनी संकोचून एक मशरूम खाल्लं.

ग्रंथपाल उभेच होते. बसायला त्यांची खुर्चीही उरली नव्हती. आंघोळ करताना पाठ केलेलं ते वाक्य आता कुठल्याही शब्दावर जोर दिला तरी उपयोगाचं नव्हतं. इतके दिवस ते विचारलं जाण्याची वाट बघत होते, आणि समोरचा माणूसही तेच करत होता. दोघांच्या मधे एक काउंटर होतं आणि त्यावर उघडी पडलेली घड्याळं होती.

दंतवैद्य घसा साफ करून म्हणाले, "एक अडचण आहे. थेंब नंतर बरेच दिवस घालावे लागतील. दिवसा मला पेशंट सोडून येता येणार नाही."

पातेलं उकळत होतं. घड्याळजींनी चष्मा काढला आणि तो पुसायला घेतला, जरा जास्तच सावकाश. ग्रंथपालांना डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं की कॅप्टननी श्वास आत ओढला आहे आणि मिशा वर उचलल्या जात आहेत.

"थेंब मी घालीन," ग्रंथपाल म्हणाले. इतक्या मोठ्याने, की शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघू लागली. "मी घालतो. मला घालू दे."

घड्याळजींनी चष्मा लावला. "हात कापतो तुझा," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "ये. नऊ वाजता येत जा."

कॅप्टनचं तोंड उघडंच राहिलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर जे काही होतं ते ग्रंथपालांना पाहताक्षणी ओळखू आलं. गेले काही महिने दाढी करताना ते रोज तोच चेहरा आरशात पाहत होते. हात धुवायच्या जागेतलं सगळं आठवलं, पाठीवरच्या थापा आठवल्या, आणि त्यांना फार वाईट वाटलं.

"संध्याकाळचे तुम्ही घाला," ते कॅप्टनना म्हणाले.

वाक्य तोंडातून गेलं आणि त्याच क्षणी त्यांना त्याचा पश्चात्ताप झाला. संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर घड्याळजी जास्त मोकळे असतात, जास्त बोलतात, हे त्यांच्या आता लक्षात आलं. सकाळच्या बदल्यात संध्याकाळ मागून घ्यावी म्हणून त्यांनी तोंड उघडलं. पण तोवर कॅप्टननी दंतवैद्यांना थोडं तिकडे सरका म्हणून खुणावलं होतं, आणि जाळीचा चमचा भरून घड्याळजींच्या वाटीत ओतलाही होता.